डाल्मेशियन्स पुन्हा पाहताना : तुमचे अनुभव लिहा

सायली_ठाणे

भाची तापाने घरी होती, तिच्याजवळ बसायची पाळी माझी. काहीतरी लाव म्हणाली तर 'वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स' लावला. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेल्या डाल्मेशियन कुत्र्यांचा, १९६१ चा, चित्रांचा. नंतर खरी कुत्री घेऊन काढलेला नव्हे. मी तो तिच्याच वयाची असताना मामाकडे भाड्याच्या व्हीसीआरवर पाहिला होता, सगळी भावंडं सतरंजीवर आडवी पडून.

लहानपणी लक्षात राहिली होती ती क्रुएला, पिल्लांच्या कातडीचा कोट करायला निघालेली खलनायिका, आणि तिची गाडी. आता मात्र पिल्लांच्या जन्माच्या प्रसंगाला माझा घसाच दाटून आला. बाहेर विजा कडाडताहेत, पर्डिटा कुत्री आत बाळंत होतेय, मालक रॉजर आणि पिल्लांचा बाप पाँगो स्वयंपाकघरात ताटकळलेत. घरकाम करणारी नॅनी दारातून आकडे सांगतेय. आठ, मग वाढत वाढत पंधरा. नंतर ती हळूच येऊन सांगते, चौदाच, एक गेलं. रॉजर ते पिल्लू कापडात धरून चोळत राहतो, चोळतच राहतो, आणि कापड हलतं.

आमच्या गावी भुरी व्याली तेव्हा आजोबांनी हेच केलं होतं. चुलीपाशी उकिडवे बसून पोत्याच्या तुकड्याने एक पिल्लू चोळत होते. मध्येच त्याच्या तोंडात बोट घालून चिकट काहीतरी काढलं, तोंडावर फुंकर मारली, परत चोळायला लागले. एरवी कुत्र्याला उंबरा ओलांडू न देणारा माणूस! आजी ओरडत होती की भाकरी करपेल, बाजूला व्हा. ते उठले नाहीत. पिल्लू जगलं. आजोबा कसे होते असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते.

तुम्ही हा सिनेमा मोठेपणी परत पाहिलाय का? काय आठवलं? कुत्र्यांचं काहीही चालेल, लिहा.

मिलिंद_नाशिक

सायली, छान लिहिलंयस. तो प्रसंग खरा घडलेला आहे. मूळ कादंबरी डोडी स्मिथची, १९५६ ची. तिच्याकडे डाल्मेशियन होते, पहिल्याचं नावच पाँगो. पुढे तिच्या घरी एका वेतात पंधरा पिल्लं झाली, त्यातलं एक निपचित होतं आणि तिच्या नवऱ्याने ते जगवलं. क्रुएलाचं बीजही घरातलंच. एक मैत्रीण तिच्या कुत्र्यांकडे बघून म्हणाली होती, यांचा फर कोट काय सुंदर होईल!

गौरी२२

बापरे, मैत्रीण 😳

प्राजक्ता_मिरज

क्रुएलाची मला अजून भीती वाटते. तो पिवळट हिरवा धूर. माझी आजी आमच्याबरोबर बसली होती, तिला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. क्रुएलाने चहाच्या कपात राख झटकली आणि केकमध्ये सिगरेट विझवली, तेव्हा आजी ताडकन म्हणाली, "अन्नात! हिचं काही बरं व्हायचं नाही." पिल्लं चोरायच्या कितीतरी आधी तिने निकाल लावला होता.

अनिमेष_पुणे

मी अॅनिमेशनमध्ये आहे त्यामुळे राहवत नाही. पाँगोची हनुवटी नीट बघा, पेन्सिलीच्या खरडलेल्या रेघा दिसतील. याआधी कलाकाराचं पेन्सिलचं चित्र बायका शाईने सेलवर, म्हणजे पारदर्शक पातळ पत्र्यावर, गिरवायच्या, एकेक. डिस्नेचा 'स्लीपिंग ब्यूटी' १९५९ मध्ये आला, त्यात अफाट पैसा गेला आणि तो वसूल झाला नाही. स्टुडिओची तंगी होती. डिस्नेच्या अब आयवर्क्स या तंत्रज्ञाने झेरॉक्सचं तंत्र असं बसवलं की चित्र थेट सेलवर उमटायचं. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातली तीच झेरॉक्स! ती नसती तर इतकी ठिपक्यांची कुत्री शाईने गिरवणं परवडलंच नसतं. डिस्नेच्या जाहिरातीत ठिपक्यांचा आकडा ६४,६९,९५२ असा देत.

स्वतः वॉल्ट डिस्नेला त्या खरखरीत रेघा आवडल्या नव्हत्या. मला त्याच सगळ्यात जास्त आवडतात. कलाकाराचा हात मधे पुसला गेलेला नाही. क्रुएला जवळजवळ पूर्ण मार्क डेव्हिस या अॅनिमेटरच्या हातची आहे, ती चालते तेव्हा कोट आतल्या हाडांवर कसा लोंबतो ते पाहा.

रॉलीचा_दादा

पिल्लांतला कायम भूक लागलेला रॉली!! धाकट्या भावाला आम्ही अजून रॉली म्हणतो. त्याच्या लग्नात पंगतीत मोठ्याने हाक मारली तर वहिनीकडचे लोक इकडेतिकडे बघायला लागले.

गौरी२२

@रॉलीचा_दादा 😂😂 वहिनी आता काय म्हणतात त्यांना?

रॉलीचा_दादा

तीही रॉलीच म्हणते.

मांजरवाली

सार्जंट टिब्सबद्दल कुणीच का लिहीत नाही? त्याचा साथी कर्नल हा म्हातारा कुत्रा, नीट ऐकूही येत नाही त्याला. पिल्लं डांबलेल्या त्या भुताटकीच्या वाड्यात शिरून, पाँगोची पंधरा आणि इतर धरून नव्व्याण्णव पिल्लं एकट्याने बाहेर काढणारं कोण, तर मांजर. श्रेय कुत्र्यांना. आमच्या घरीही तेच चालतं, उंदीर मनी मारते आणि बाबा मोत्याची पाठ थोपटतात.

श्वेता_लंडन

मी इथे आल्यावर पहिल्याच हिवाळ्यात प्रिमरोज हिलवर गेले, केवळ या सिनेमासाठी. पिल्लं चोरीला गेल्यावर पाँगो इथूनच संध्याकाळी भुंकून निरोप धाडतो, हॅम्पस्टेडचा ग्रेट डेन तो ऐकतो आणि असं करत करत निरोप सफोकपर्यंत जातो. वरून खरंच रीजंट्स पार्क आणि पलीकडचं सगळं शहर दिसतं. पण कुत्री एकदम गप्प! सगळी मालकाच्या पायाशी शहाण्यासारखी. मला एकदम सांगलीची आमची गल्ली आठवली आणि तिथेच बाकावर बसून आईला फोन लावला.

कोल्हापूरचा_बाळू

@श्वेता आमच्याकडं या, गप्प कुत्रं दाखवा आणि जेवून जा. रात्री रंकाळ्याकडनं एक सुरू होतं, मग गंगावेस, मग आमच्या बोळातलं लाल्या. पोरगं सिनेमा बघितल्यापासनं खिडकीत बसून ऐकतंय. "बाबा, कुणाचं पिल्लू हरवलं असंल?" परवा अकरा वाजता मला खाली नेलं. पाच जिने उतरून बघतोय तर खरंच गटाराच्या कडेला एक अडकलेलं होतं. काढलं. आईनं चाटून चाटून कोरडं केलं त्याला. आता पोराला कसं समजवायचं की रोज रात्री असं काही नसतं?

सायली_ठाणे

बाळूदादा, समजवूच नका ❤️

आनंदी_काकू

मी नाही बघू शकत आता. आमची राणी गेल्या महिन्यात गेली. चौदा वर्षांची होती. दारात चप्पल वाजली की अजून वाटतं ती उठेल.

प्राजक्ता_मिरज

काकू 🙏 खूप वाईट वाटलं. घाई नाही काही, नंतर कधीतरी बघा.

मिलिंद_नाशिक

काकू, राणीबद्दल लिहा ना सवडीने. आम्ही वाचू.

वैद्य_नव्हे_व्हेट

(खरंच व्हेट आहे.) १९९६ चा नवा सिनेमा आला आणि नंतर लोकांना घरोघरी डाल्मेशियन हवे झाले. पुढे फोनच्या जाहिरातीतल्या पगचंही तेच झालं. डाल्मेशियन पूर्वी घोडागाडीबरोबर मैलोन्मैल पळायचे, वन बीएचकेमध्ये ते भिंती खातात. पिल्लं जन्मतात तेव्हा पांढरीच असतात, ठिपके नंतर उमटतात. सिनेमातही तसंच दाखवलंय, क्रुएला त्यावरूनच चिडते.

अंजली_औरंगाबाद

आमचा डॉमिनो त्याच लाटेत आला. विकणाऱ्याने सांगितलं, पिल्लू फार शांत आहे. शांत कसलं, बहिरं होतं! फटाक्यांत गाढ झोपलेला पाहून बाबांच्या लक्षात आलं. परत द्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. हाताच्या खुणा शिकवल्या. तळहात खाली केला की बस, छातीवर थाप मारली की ये. रात्री अंगणातून बोलवायचं तर टॉर्च दोनदा उघडझाप करायची. झोपेतून उठवताना जमिनीवर पाय आपटायचा, अंगाला एकदम हात लावायचा नाही, दचकून चावतात. सिनेमा परत पाहिला तेव्हा त्या भुंकून निरोप द्यायच्या प्रसंगात मी रडले. डॉमिनोला यातलं काहीच ऐकू आलं नसतं.

वैद्य_नव्हे_व्हेट

@अंजली अगदी योग्य केलंत. या जातीत बहिरेपण बऱ्यापैकी आढळतं. ज्या जनुकांमुळे अंग पांढरं होतं त्यांच्यामुळेच कानाच्या आतल्या भागात रंगपेशी कमी पडतात आणि ऐकण्याच्या पेशी मरतात. घेताना पिल्लाची श्रवणचाचणी मागा. एका कानाने बहिरं असेल तर घरी ओळखू येत नाही. आणि यांना लघवीत खडे होतात, काळीज वगैरे खाऊ घालू नका, पाणी भरपूर द्या.

रॉलीचा_दादा

डॉक्टर, आमचा टिप्या पोळी तुपाशिवाय खात नाही. चालतं का?

आनंदी_काकू

राणीला पण तूपच लागायचं. नुसती पोळी दिली की उचलून अंगणात पुरून यायची. आमची जास्वंद तिथेच जोरात वाढलीय.

मांजरवाली

काकू, अशाच आठवणी लिहीत राहा.

अनिमेष_पुणे

गोठ्यातल्या गायी थकलेल्या पिल्लांना दूध पाजतात तो भाग माझा सगळ्यात आवडता. बाहेर हिमवादळ आणि आत पिवळा उबदार रंग. माझी आई तिथे म्हणते, "वासरांचं ठेवा रे थोडं."

वैद्य_नव्हे_व्हेट

@रॉलीचा_दादा थेंबभर वासापुरतं लावा, रोज चमचाभर नको. स्वादुपिंडाला सूज येते, मग उलट्या सुरू होतात. टिप्याचं वजन किती आणि वय काय?

रॉलीचा_दादा

वय सहा. वजन करायला काट्यावर उभाच राहत नाही, मी त्याला उचलून उभा राहतो आणि माझं वजा करतो. एकोणीस येतं. जात आमच्या वाडीतली.

वैद्य_नव्हे_व्हेट

पाठीवरून हात फिरवून बरगड्या लागतात का बघा. लागत असतील तर ठीक आहे. नसतील तर तूप बंद, आणि पोळीला नुसतं ताक.