नुसते ‘एल्फिन्स्टन’ लिहून भागते का?

धागाकर्ता:
मुंबईच्या इतिहासावरील मराठी लेखांत एक चूक वारंवार आढळते. फोर्टमधील महाविद्यालय आणि पूर्वीचे एल्फिन्स्टन रोड, म्हणजे आताचे प्रभादेवी स्थानक, ही दोन्ही एकाच साहेबाच्या नावाची, असे बेधडक लिहिले जाते. वस्तुतः महाविद्यालयाला नाव आहे ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे, जे १८११ पासून पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी, होते आणि पुढे १८१९ ते १८२७ मुंबईचे गव्हर्नर होते. स्थानकाचे नाव मात्र त्यांचे पुतणे जॉन, तेरावे लॉर्ड एल्फिन्स्टन, यांच्यावरून पडले. हे १८५३ ते १८६० या काळात, म्हणजे सत्तावनच्या धामधुमीतही, त्याच पदावर होते. हॉर्निमन सर्कलचे जुने नाव एल्फिन्स्टन सर्कल, तेही पुतण्याचेच. काका-पुतण्यांतला फरक महाराष्ट्राला तरी समजावून सांगावा लागू नये! प्रत्येक वेळी पूर्ण नाव लिहावे, असे माझे मत आहे. पहिल्या आणि दुसऱ्या बाजीरावांची अशी सरमिसळ आपण खपवून घेतली असती का?

प्रतिसाद १:
असहमत. ‘लॉर्ड’ या एका शब्दाने हा घोळ मिटतो. माउंटस्टुअर्ट अकराव्या लॉर्डांचे पुत्र असले तरी थोरले नव्हते, त्यामुळे किताब त्यांच्याकडे आला नाही. शिवाय साल दिलेले असले की संशयाला जागा उरत नाही. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, पुण्यात संगमावरची रेसिडेन्सी जाळली गेली, तेव्हा तिथून निघालेले एल्फिन्स्टन कोणते, असे कोणी विचारत नाही. पुतणे त्या वेळी जेमतेम दहा वर्षांचे होते. पानोपानी ‘माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन’ लिहीत बसलो तर वाचकाची दमछाक होईल.

धागाकर्ता:
किताबावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, कारण आपल्याकडे प्रत्येक गव्हर्नराला ‘लॉर्ड’ करून टाकण्याची जुनी खोड आहे. ‘लॉर्ड माउंटस्टुअर्ट’ असेही मी छापलेले वाचले आहे.

प्रतिसाद २:
किताबाचा उपाय आणखी एका ठिकाणी लंगडा पडतो. माउंटस्टुअर्ट १८०९ मध्ये इंग्रजांचे वकील, म्हणजे राजदूत, म्हणून काबूलचा राजा शाह शुजा याला पेशावरात भेटले आणि काबूलला पाऊलही न टाकता त्यांनी काबूलच्या राज्यावर १८१५ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजार सैनिक आणि बारा हजारांच्या आसपास बुणगे असलेली फौज ज्यांच्या हाताखाली धुळीला मिळाली, ते जनरल विल्यम एल्फिन्स्टन त्यांचे चुलतभाऊ. दोघांपैकी कोणीच लॉर्ड नाही आणि विषय दोघांचाही काबूल. तिथे आडनावावर विसंबणारा लेखक काकांच्या माथी भलताच पराभव मारून बसेल.

प्रतिसाद १:
काबूलचा मुद्दा मान्य. तरीही पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्यावे आणि लेखात दुसरा एल्फिन्स्टन येईपर्यंत आडनावावर भागवावे, याहून अधिक सक्ती मला पटत नाही. जुन्या मराठी कागदांत येणाऱ्या ‘अल्पिष्टन’ साहेबाला तर कोणतीही पुरवणी जोडू नये. पेशवाईच्या अखेरीस पुण्यातल्या कारकुनांना अल्पिष्टन एकच ठाऊक होता. राहता राहिली स्थानकाची पाटी. तिच्यावर लॉर्डही नव्हते आणि जॉनही नव्हते, आणि २०१८ मध्ये तीही उतरली.