मिंट टाकल्यापासून पीसीचा आवाज बंद, आणि जुन्या कॅसेट रेकॉर्ड करायच्यात

हरिपूररोड:
नमस्कार मंडळी, सांगलीतनं लिहितोय. २०१४ साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे, चौथ्या जनरेशनचा आय थ्री, ८ जीबी रॅम. ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले आणि ११ ला हा प्रोसेसर चालत नाही म्हणून गेल्या रविवारी विंडोज काढून त्याऐवजी लिनक्स मिंट २२ ही सिस्टिम टाकली. बाकी सगळं झकास चाललंय, प्रिंटरसुद्धा आपोआप सापडला, पण आवाज नाही म्हणजे नाहीच. साऊंडकार्ड वेगळं नाही, मदरबोर्डवरचंच आहे. स्पीकर मागच्या हिरव्या भोकात, हेडफोन पुढच्या पॅनेलला, दोन्हीकडं चिडीचूप. आवाजाची पट्टी मात्र हलताना दिसते, म्हणजे गाणं चालू आहे असंच तो दाखवतोय.

घाई का ते पण सांगतो. बाबांच्या भजनी मंडळाच्या ११ कॅसेट आहेत, हरिपूरला संगमेश्वराच्या देवळात बसून म्हटलेली भजनं, १९८९ ते ९४ मधली. २०१९ च्या पुरात खालचं सगळं गेलं, ह्या माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या. बाबा आता नाहीत. टेप डेक कसाबसा दुरुस्त करून आणलाय, तो परत मान टाकायच्या आत हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचंय. विंडोज परत टाकायची इच्छा नाही, पण आवाजच नसेल तर काय करू?

माधवनगर_पोरगा:
काका मला पण एकदा असंच झालेलं, मी सरळ परत फ्रेश इन्स्टॉल मारलं आणि आलं. करून बघा.

वारणेचं_पाणी:
थांबा थांबा, परत इन्स्टॉल करू नका. पट्टी हलतेय म्हणजे सिस्टिमला एक कार्ड सापडलंय आणि ती तिथं आवाज पाठवतेय, फक्त तुम्हाला पाहिजे तिथं पाठवत नाहीये. फ्रेश इन्स्टॉल केलं तरी ती परत तेच ठरवणार.

टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडा आणि एप्ले ही कमांड द्या, पुढं स्पेस, डॅश, छोटा एल. (मी उच्चार लिहितोय, तुम्ही टाईप इंग्रजीत करा.) जे येईल ते सगळं इथं लिहा, आणि मॉनिटर कुठल्या केबलनं जोडलाय ते पण सांगा.

हरिपूररोड:
दोन कार्डं दाखवतंय. कार्ड शून्य, एचडीए इंटेल एचडीएमआय, त्याखाली ३, ७, ८ असे तीन डिव्हाइस. मग कार्ड एक, एचडीए इंटेल पीसीएच, त्यात एएलसी ८८७ व्हीडी अ‍ॅनालॉग. मॉनिटर एचडीएमआय केबलनं आहे, त्याला स्पीकर नाहीत.

वारणेचं_पाणी:
मॉनिटरच्या मागं हेडफोनचं भोक आहे का? असेल तर त्यात हेडफोन घालून बघा.

हरिपूररोड:
अहो आला की आवाज!! मॉनिटरमधनं येतोय!

वारणेचं_पाणी:
मग झालं, निम्मं काम झालं. तुमच्या पिढीच्या इंटेलमध्ये एचडीएमआयचा आवाज आणि मदरबोर्डवरचा आवाज ही दोन वेगळी कार्डं म्हणून दिसतात आणि एचडीएमआयचा नंबर आधी लागतो. मॉनिटर म्हणाला मला आवाज घेता येतो, सिस्टिमनं तिकडं पाठवला. ड्रायव्हर तर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, एसएनडी एचडीए इंटेल नावाचा, तो दोन्ही कार्डांना लागलेला आहे, नाहीतर ती यादीत आलीच नसती. त्यामुळं नेटवर ड्रायव्हर शोधत बसू नका.

पाव्हूकंट्रोल नावाचा, आवाज कुठल्या कार्डाला जायचा ते ठरवायचा प्रोग्रॅम सॉफ्टवेअर मॅनेजरमधनं टाका. मिंट २२ मध्ये आवाज सांभाळायला आत पाईपवायर चालतं, पण हा जुना प्रोग्रॅम त्याच्यावर पण नीट चालतो. त्याच्या शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये दोन कार्डं दिसतील, एचडीएमआयवाल्याला ऑफ करा आणि दुसऱ्याला अ‍ॅनालॉग स्टीरिओ डुप्लेक्स निवडा. डुप्लेक्सच निवडा हं, नुसतं आऊटपुट निवडलं तर ऐकू येईल पण रेकॉर्डिंगला इनपुटच दिसणार नाही आणि तुम्हाला तर कॅसेट घ्यायच्यात.

एवढं करून पण गप्प असेल तर टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर (कार्डाच्या आवाजाच्या पट्ट्या दाखवतो) चालवा, एफ सिक्स दाबून पीसीएच कार्ड घ्या. ज्या पट्टीखाली एम एम दिसतंय ती म्यूट आहे, तिच्यावर जाऊन एम दाबलं की शून्य शून्य होतं, म्हणजे उघडली. मास्टर, फ्रंट आणि हेडफोन ह्या तिन्ही बघा, एक उघडी आणि दुसरी बंद असं हमखास असतं.

हरिपूररोड:
मागचे स्पीकर चालू झाले! फ्रंटची पट्टी म्यूट होती, तीच. आईला लगेच आकाशवाणी सांगली लावून दिलं, चार दिवस विचारत होती.

पण पुढचं हेडफोनचं भोक अजून बंदच आहे. पाव्हूकंट्रोलमध्ये हेडफोन्सच्या पुढं अनप्लग्ड लिहून येतंय आणि हेडफोन तर आत घातलेला आहे. विंडोजवर ह्याच भोकातनं दहा वर्षं ऐकलंय त्यामुळं भोक खराब नाही. रेकॉर्डिंग चालू असताना आईची झोपमोड नको म्हणून ते पण पाहिजे.

गावभाग_रिपेअर:
इथं मी बोलतो, माझा रोजचा धंदा आहे हा. कॅबिनेट उघडा. आधी मेन स्विच बंद, पॉवर केबल काढा, मगच हात घाला. पुढच्या पॅनेलकडनं मदरबोर्डकडं एक आवाजाची वायर येते आणि त्या काळच्या कॅबिनेटमध्ये तिच्या टोकाला दोन कनेक्टर असायचे, एकावर एचडी ऑडिओ लिहिलेलं, दुसऱ्यावर एसी ९७. दोन्ही एकाच नऊ पिनांच्या जागेवर बसतात, तिथंच घोळ होतो. माझी पैज आहे तुमचा एसी ९७ वाला बसवलेला असणार.

फरक असा की एसी ९७ हे १९९७ चं जुनं स्टँडर्ड, त्या वायरीत भोकात पिन घातली की काढली हे मदरबोर्डला सांगायची सोयच नाही. २००४ ला इंटेलचं एचडी ऑडिओ आलं, त्यात त्यासाठी वेगळ्या पिना आहेत. तुमचा बोर्ड एचडीचा आणि वायर एसी ९७ ची, मग त्याला हेडफोन आत आहे हे कळणार कुठनं? विंडोजवर चालत होतं कारण तिथल्या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये पुढच्या पॅनेलचं डिटेक्शन बंद करा अशी एक टिक असते, असेंबल करणाऱ्यानं ती मारून दिली असणार. लिनक्स बोर्ड जे सांगतो ते खरं धरतं.

कनेक्टर बदला, एक पिन गाळलेली असते त्यामुळं उलटा बसणार नाही, जोर लावू नका. आणि एचडीवाला कनेक्टरच नसेल तर बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडायची मदरबोर्डची सेटिंग) फ्रंट पॅनेल टाईप असं काही दिसतंय का बघा, तिथं एसी ९७ करा. तेही नसेल तर एचडीए जॅक रीटास्क म्हणून प्रोग्रॅम आहे, अल्सा टूल्स जीयूआय ह्या पॅकेजमध्ये येतो, त्यात त्या पिनेचं जॅक डिटेक्शन नाही असं सांगता येतं. पण आधी वायर बघा.

हरिपूररोड:
दादा मानलं तुम्हाला. एसी ९७ च होता, एचडीवाला कनेक्टर तसाच लोंबकळत होता, झिपटायनं मागं बांधलेला. बदलला. आता हेडफोन घातला की मागचे स्पीकर आपोआप गप्प होतात आणि काढला की परत चालू.

माधवनगर_पोरगा:
काका माझं चुकलं, मी उगाच फ्रेश इन्स्टॉल सांगितलं. माझं पण बहुतेक एचडीएमआयचंच असणार तेव्हा, परत इन्स्टॉल करताना मॉनिटर व्हीजीएवर होता आणि त्या केबलमधनं आवाज जातच नाही. आज घरी जाऊन बघतो.

तंबोरा_मिरज:
आता कॅसेटबद्दल मी सांगते. मिरजेत आमच्या घरी वाद्यं बनतात आणि वडिलांच्या बैठकांच्या कॅसेट मी दोन वर्षांपूर्वी अशाच लिनक्सवर घेतल्या, त्यामुळं कुठं पाय अडकतो ते माहितीये.

डेकची लाईन आऊटची वायर गुलाबी भोकात घालू नका. गुलाबी माईकचं आहे, तिथं बारीक सिग्नल मोठा करायचं सर्किट असतं, डेकचा आवाज तिथं फाटतो आणि एकदा फाटका रेकॉर्ड झाला की नंतर कशानंच सुधारत नाही. निळं भोक लाईन इनचं, तेच घ्या. मग पाव्हूकंट्रोलच्या इनपुट डिव्हाइसेसमध्ये पोर्ट लाईन इन करा, आणि अल्सामिक्सरमध्ये एफ फोर दाबून इनपुट सोर्स लाईन आहे ना आणि कॅप्चरखाली लाल अक्षरं आहेत ना बघा, नसतील तर स्पेस दाबा. कुठं बूस्ट नावाची पट्टी दिसली तर ती शून्यावर.

लेव्हल लावताना कॅसेटमधली सगळ्यात मोठ्या आवाजाची जागा शोधा. भजनात ती बहुतेक गजराची असते, सगळे टाळ एकदम येतात तिथं. त्या जागेला ऑडॅसिटीची (रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम) पट्टी वजा सहा डेसिबलच्या आसपास थांबली पाहिजे. पहिल्या अभंगावर लेव्हल लावली तर गजराला हमखास फाटतं, माझ्या दोन बाजू अशाच परत घ्याव्या लागल्या.

डेक आणि पीसी एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा, वेगवेगळ्या सॉकेटला लावले की मागं हूंऽऽ असा आवाज येत राहतो. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीनं पुसा, दर दोन कॅसेटनंतर. आणि कृपा करून एमपीथ्रीत रेकॉर्ड करू नका, मूळ प्रत फ्लॅकमध्ये ठेवा. सीडीच्या क्वालिटीत डब्ल्यूएव्ही साधारण मिनिटाला १० एमबी होते, म्हणजे साठच्या कॅसेटची एक बाजू ३०० एमबी, फ्लॅकमध्ये त्याच्या निम्म्याच्या आसपास येते आणि आवाजातलं काही जात नाही. ११ कॅसेटना तेवढी जागा द्या. खरखर काढायचे फिल्टर मूळ प्रतीवर लावू नका, वेगळी कॉपी करून त्याच्यावर काय ते करा. मी उत्साहात तंबोऱ्याची जवारीच (तारांचा झणझणीत गुंजारव) खरखर समजून पुसून टाकली होती, मूळ प्रत होती म्हणून वाचले.

हरिपूररोड:
ताई काल रात्री पहिली बाजू घेतली. तुम्ही सांगितलं तसं गजराला लेव्हल लावली. सुरुवातीला बाबा पेटीवाल्याला म्हणतात, "काळी दोन धर रे, चढतंय", हे कॅसेटवर आहे हेच आम्हाला माहीत नव्हतं. आईनं ते तेवढंच चार वेळा लावायला लावलं.

एकच अडचण राहिलीय. काही चालू करताना स्पीकरमधनं टक् असा आवाज येतो आणि गाणं थांबलं की थोड्या वेळानं परत टक्. रेकॉर्डिंगमध्ये पण येईल का हो?

वारणेचं_पाणी:
रेकॉर्डिंग चालू असताना चिप जागीच असते, त्यामुळं मधे येणार नाही. ते टक् म्हणजे काही वाजत नसलं की चिप वीज वाचवायला झोपते आणि वाजवायचं म्हटलं की उठते, त्याचं आहे. ईटीसी ह्या सिस्टिमच्या सेटिंगच्या फोल्डरमध्ये मॉडप्रोब डॉट डी फोल्डर आहे, तिथं नवीन फाईल करा, नाव काही पण चालेल पण शेवटी डॉट कॉन्फ पाहिजे. तिच्यात एकच ओळ: ऑप्शन्स, स्पेस, एसएनडी अंडरस्कोअर एचडीए अंडरस्कोअर इंटेल, स्पेस, पॉवर अंडरस्कोअर सेव्ह बरोबर शून्य. बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला स्पेस नको. फाईल करायला सुडो (अ‍ॅडमिनची परवानगी) लागेल, मग रीस्टार्ट. तरी पण टक् राहिलं तर पाईपवायरसोबतचं वायरप्लंबर पण काही सेकंदांनी कार्ड झोपवतं, त्याचं वेगळं सेटिंग आहे, ते लागलं तर सांगतो.

हरिपूररोड:
वायरप्लंबरची गरज नाही पडली, पहिल्यानंच गेलं. आता बी बाजू लावलीय, तीस मिनिटं पीसीला कुणी हात लावायचा नाही असं घरात सांगून ठेवलंय.