बारा वर्षांच्या मुलीसोबत श्राइन पासला दोन रात्रींचे बॅककंट्री स्कीइंग: सल्ला हवा

घाटवाट:
आम्ही अमेरिकेत कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला राहतो. माझी मुलगी बारा वर्षांची असून गेली पाच वर्षे ती रिसॉर्टवर स्कीइंग करते आणि ‘ब्लॅक डायमंड’ म्हणजे अवघड दर्जाचे उतारही आरामात उतरते. फेब्रुवारीतल्या प्रेसिडेंट्स डेच्या जोडसुट्टीत आम्ही दोघांनीच व्हेल पास या खिंडीतून स्कीला स्किन (चढताना मागे घसरू नये म्हणून तळाला चिकटवायच्या पट्ट्या) लावून श्राइन माउंटन इन या डोंगरातल्या मुक्कामाच्या जागेपर्यंत, रिसॉर्टबाहेरच्या मोकळ्या डोंगरातून (म्हणजेच बॅककंट्रीतून) चढत जायचे आणि तिथे दोन रात्री राहायचे, असे ठरवले आहे. अंतर सुमारे २.७ मैल असून इन साधारण ११,२०० फुटांवर आहे. माझे पाय सह्याद्रीत तयार झालेले असले, तरी बर्फात मी तसा नवखाच आहे. मोठ्या मित्रांबरोबर अशा दोन सहली आणि मागच्या वर्षी तीन दिवसांचा हिमस्खलनाचा अभ्यासक्रम, एवढीच माझी पुंजी. मुलीला बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा रेडिओ संदेशाने कळवणारे आणि शोधणारे यंत्र) घेऊन दिला आहे आणि मागच्या अंगणात बर्फात पुरून ठेवलेला दुसरा बीकन ती चार मिनिटांत शोधून काढते. एवढी तयारी पुरेशी आहे का, आणि मधल्या दिवशी इनच्या वरच्या बाजूच्या उतारांवर तिला नेणे योग्य ठरेल का, हे जाणकारांनी सांगावे.

तिळगूळ:
आम्ही मायलेक गेल्या हिवाळ्यात तिथेच जाऊन आलो. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा होता. वाट सोपी आहे, कारण ती मुळात उन्हाळ्यात मोटारी जाणारा रस्ता आहे आणि चढ फारसा नाही. स्नोमोबाइलही त्याच रस्त्याने जातात, त्यामुळे त्यांचा आवाज आला की मुलाला कडेला घेऊन थांबण्याची सवय पहिल्या दहा मिनिटांतच लावावी. मोठ्या माणसाला दोन तास पुरतील, तिथे आम्हाला साडेतीन तास लागले.

आमची फजिती स्किनने केली. वाटेत एका छोट्या उतारावर त्याने हौसेने स्किन काढल्या आणि गोंदाची बाजू खाली करून सरळ बर्फावर ठेवल्या. गोंदात बर्फाचे कण शिरल्यावर ती पट्टी पुन्हा स्कीला चिकटेना, आणि शेवटी काठीला गुंडाळून आणलेली रुंद चिकटपट्टी स्कीभोवती तीन ठिकाणी आवळून आम्ही उरलेली वाट संपवली. काढलेली स्किन जॅकेटच्या आत छातीशी ठेवायची असते, हे त्याला मी घरी सांगितले होते, पण करून दाखवले नव्हते. या खटपटीत त्याने हातमोजे जेमतेम दोन-तीन मिनिटे काढले असतील, तेवढ्यात दोन बोटांची टोके पांढरी पडली. मी ती माझ्या काखेत धरली. रक्त परत येताना तो जो रडला, ते आठवले की अजून मला अपराधी वाटते.

बुटांविषयी एकच सांगते. रिसॉर्टचे बूट आणि टाच जखडून ठेवणारी बाइंडिंग (बूट स्कीला अडकवणारी पकड) घालून चढता येत नाही. मुलांच्या मापाचे टूरिंगचे, म्हणजे टाच मोकळी ठेवून चढता येणारे, सामान भाड्याने मिळणे कठीण असते, म्हणून आत्ताच शोधायला लागा.

पाणकावळा:
तयारी चांगली आहे, पण तुमच्या प्रश्नात एक गोष्ट राहून गेली आहे, म्हणून जरा स्पष्ट लिहितो. गाडली गेलेली व्यक्ती वाचण्याची खरी शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत असते. ती मुलगी असेल तर तिला शोधायला तुम्ही आहात. पण ती व्यक्ती तुम्ही असाल, तर त्या डोंगरावर तुमचे बचावपथक म्हणजे जेमतेम पस्तीस-चाळीस किलोची एक घाबरलेली मुलगी. बीकन ती शोधेलही. पण थांबल्याबरोबर घट्ट बसणाऱ्या त्या बर्फातून मोठ्या माणसाला वेळेत उकरून काढणे तिच्याच्याने होणार नाही. म्हणून बीकन, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडे दोघांकडेही असावे, मात्र बेत आखताना ते नाहीत असेच धरून चालावे.

ब्लॅक डायमंडचा इथे संबंध नाही. रिसॉर्टवर गस्तीपथक पहाटे स्फोटके लावून धोकादायक उतार आधीच पाडून टाकते; श्राइन पासला ते काम कोणी करत नाही. त्यातच कोलोरॅडोचा बर्फ कपटी. हिवाळ्याच्या सुरुवातीला थर पातळ असतो. खाली जमीन त्यामानाने उबदार आणि वर रात्रीची कडक थंडी, त्यामुळे तळाच्या बर्फाचे साखरेसारखे सुटे दाणे होतात. मुठीत घेऊन दाबा, तूप कमी पडलेल्या रव्याचा लाडू जसा वळत नाही तसा तो वळत नाही. नंतर पडलेला सगळा बर्फ त्या दाण्यांवर तोललेला असतो, आणि हा थर मोडला तर खालच्या सपाटीवर उभ्या असलेल्या माणसाच्या वजनानेही वरचा उतार सुटू शकतो. हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात. तेव्हा ३० अंशांपेक्षा कमी उतारावरच राहायचे आणि त्याहून तीव्र उताराच्या पायथ्याशीही रेंगाळायचे नाही, हे दोन्ही नियम पाळा. कोलोरॅडो अ‍ॅव्हलांच इन्फर्मेशन सेंटरचा हिमस्खलनाच्या धोक्याचा अंदाज घरातून निघण्याआधी वाचालच. त्यात ‘कन्सिडरेबल’ ही धोक्याच्या पाच पायऱ्यांतली तिसरी असते आणि मधली म्हणून माणूस निर्धास्त होतो. तसे होऊ नका.

आणि हो, फोन बीकनपासून दूरच्या खिशात ठेवावा. फोटोंच्या नादात हे हमखास विसरले जाते.

मेतकूट:
वरचे गंभीर मुद्दे मान्य करून जेवणाकडे वळतो. त्या उंचीवर पाणी सुमारे ८९ अंशांनाच उकळते, त्यामुळे कुकरशिवाय तुरीची डाळ शिजवायला बसलात तर रात्र जाईल. घरी शिजवून गोठवलेली मुगाची खिचडी न्यावी, ती पाठपिशवीत गोठलेलीच राहते. लहान मुले थंडीत पाणी प्यायला टाळतात आणि मग उंचीची डोकेदुखी उलटीपर्यंत जाते. दर अर्ध्या तासाला विचारत बसू नका, सरळ प्यायला लावा. औषध देऊनही डोके दुखायचे थांबले नाही, तर रात्र काढण्याचा हट्ट न करता खाली उतरावे.

घाटवाट:
सर्वांचे मनापासून आभार. पाणकावळा, तुमचा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, “बाबा, मी तुला बाहेर काढू शकले नसते, हे तुला अंगणात खेळतानाच माहीत होतं का?” मला माहीत नव्हते, म्हणजे मी तसा विचारच केला नव्हता, आणि तसे मी तिला सांगितले.

मधल्या दिवशी वरच्या उतारांवर जाण्याचा बेत रद्द केला आहे. आलेल्या रस्त्यालगतच्या मोकळ्या, मंद उतारावरच खेळू. अभ्यासक्रमात ओळख झालेले एक जोडपेही सोबत येत आहे. रात्री ‘हे नको’ असे मुलगी म्हणाली, तर सकाळी कारण न विचारता परतायचे, असेही ठरले आहे. तिच्या मापाचे बूट मात्र अजून मिळालेले नाहीत. तिळगूळ, तुमच्या मुलाचे आता लहान झाले असतील आणि द्यायचे असतील, तर कृपया निरोप पाठवावा.