नवी जात शोधली, नोंदवली की वर्णिली?

प्रश्न : एका लेखाचं भाषांतर करते आहे. ऑस्ट्रेलियातल्या एका चावऱ्या माशीला २०११ साली बियॉन्से या गायिकेचं नाव दिलं, त्याबद्दल. मी 'माशीच्या नव्या प्रजातीचा शोध' असं लिहिलं, तर संपादकांनी 'प्रजाती' आणि 'शोध' या दोन्ही शब्दांखाली रेघ मारली. काय लिहू?

उत्तर : रेघा योग्य जागी आहेत. ही माशी क्वीन्सलंडमधल्या अ‍ॅथर्टन पठारावर १९८१ साली पकडली. टाचणीला टोचून, खाली बारीक अक्षरातली चिठ्ठी लावून ती संग्रहात गेली. ब्रायन लेसर्ड आणि डेव्हिड येट्स या कीटकशास्त्रज्ञांनी तिचं वर्णन छापलं ते २०११ मध्ये. मग शोध कोणत्या साली लागला म्हणायचा?

इथे 'वर्णन' म्हणजे जवळजवळ बारसंच. अवयव बारकाईने तपासायचे, जवळच्या जातींहून ती कुठे निराळी ते सांगायचं, एक नमुना कायमचा आधार म्हणून जपायचा आणि नाव द्यायचं. हिच्या पोटावर दाट सोनेरी केस आहेत, त्यावरून गायिका आठवली. गायिकेचं जन्मवर्षही १९८१च. beyonceae या जातिनावाच्या शेवटचा 'ई' (ae) लॅटिन षष्ठीचा आहे, आपल्या 'बियॉन्सेची'मधल्या 'ची'सारखा.

'नोंद' मात्र नको. माहीत असलेली जात नव्या ठिकाणी सापडली की ती नोंद. मी 'नव्या जातीचं वर्णन करून तिला नाव दिलं' असं लिहीन. लांब होतं, पण खरं तेच.

आता प्रजाती. मराठी विश्वकोशात प्रजाती ही वरची पायरी आणि जाती तिच्या खालची : आंब्यात मँजिफेरा ही प्रजाती, इंडिका ही जाती. वर्तमानपत्रं हिंदीच्या वळणाने जातीलाच प्रजाती म्हणतात आणि मग वरच्या पायरीशी घोळ होतो. समाजातल्या जातीमुळे हा शब्द लिहिताना हात अडखळतो, माझाही अडखळतो. तरी जीवशास्त्रात तो सोडू नये.

प्रतिसाद : इंग्रजी 'हॉर्सफ्लाय'वरून माशीला 'घोडामाशी' करू नका, 'गोमाशी' आहे की! गोठ्यात ती बसली की बैल तेवढ्याच जागेची कातडी थरथरवतो. आणि एकदा 'दोन पंखांची' असं जरूर लिहा. मधमाशी, गांधीलमाशी यांनाही आपण माशीच म्हणतो, पण त्यांना चार पंख. खऱ्या माशीच्या मागच्या पंखांच्या जागी टाचणीच्या डोक्यासारखे दोन गोळे असतात, उडताना तोल सांभाळायला.

प्रश्नकर्ती : 'गोमाशीच्या नव्या जातीचं वर्णन' असं केलं. पंखांचं वाक्यही घातलं.