'जातीय' जनगणना की 'जातनिहाय'?

विद्यार्थिनी, राजारामपुरी
नमस्कार. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करते. सरावाच्या निबंधात 'जातीय जनगणना' असं लिहिलं, तर अभ्यासिकेतल्या ताईंनी त्याखाली लाल रेघ ओढली. पेपरात मात्र जातगणना, जातिगणना, जातनिहाय जनगणना, जात सर्वेक्षण असं सगळंच छापून येतं. आजोबा अजून 'खानेसुमारी' म्हणतात. यातलं बरोबर काय?

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ
ताईंचं बरोबर आहे. हिंदीत 'जातीय' म्हणजे नुसतं जातीसंबंधीचं. मराठीत आपण जातीय दंगल, जातीय तेढ, जातीयवादी असं म्हणतो. त्या विशेषणात द्वेष मुरलेला आहे. 'जातीय जनगणना' म्हटलं की एकही घर मोजायच्या आधीच मोजणी तेढ वाढवणारी ठरते. बाजूने बोला, विरोधात बोला, पण निकाल विशेषणातच देऊन टाकू नका.

मी 'जातनिहाय जनगणना' हाच शब्द धरतो. जिल्हानिहाय, प्रभागनिहाय, तसंच जातनिहाय. 'निहाय' लावलं की मोजायची ती माणसंच, फक्त तक्ता त्या अंगाने मांडायचा. जातनिहाय साक्षरता, जातनिहाय रोजगार, कोणाच्या घरात नळ आहे आणि कोणाच्या नाही, हे सगळं त्यात येतं. 'जातगणना' सुटसुटीत आहे, मथळ्याला चालेल. पण त्यातून कोणाची डोकी किती एवढंच मनात ठसतं, आणि आपलं राजकारणही तिथेच येऊन थांबतं. संख्या किती, मग जागा किती! शिक्षणाचं काय, जमिनीचं काय, हे विचारायला कोणी उरत नाही. मला याची खरोखर काळजी वाटते.

'जातिगणना' लिहायचं असेल तर 'ति' ऱ्हस्व, कारण तो तत्सम समास आहे. खानेसुमारी फारसीतून आली: खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजदाद. बेसुमार मधला 'सुमार' तोच. शब्द जुना झाला तरी चुकीचा नाही, आजही जनगणनेचा पहिला टप्पा घरयादीचाच असतो.

वकील, गडहिंग्लज
सरांशी सहमत. 'सर्वेक्षण' मात्र वेगळं ठेवा, तिथे फरक कायद्याचा आहे. जनगणना हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत संघसूचीत, 69 व्या क्रमांकावर आहे. ती फक्त केंद्राने करायची, 1948 च्या कायद्याखाली. म्हणून बिहारने आपल्या मोजणीला सर्वेक्षण म्हटलं. पाटणा उच्च न्यायालयात वाद झाला तो याच मुद्द्यावर, की हे सर्वेक्षण आहे की त्या नावाखालची जनगणना. मे 2023 मध्ये स्थगिती मिळाली, ऑगस्टमध्ये न्यायालयाने सर्वेक्षण वैध ठरवलं, आणि 2 ऑक्टोबरला आकडे जाहीर झाले. नावावर एवढं अवलंबून होतं.

सगळ्या जातींचे आकडे छापले गेलेली शेवटची जनगणना 1931 ची. 1951 पासून फक्त अनुसूचित जाती-जमाती मोजल्या गेल्या. मंडल आयोगाने 1980 च्या अहवालात इतर मागासवर्गीयांचं प्रमाण 52 टक्के धरलं तेही 1931 च्या आकड्यांवरून. आता 30 एप्रिल 2025 ला केंद्राने येत्या जनगणनेत सगळ्यांची जात नोंदवायचं ठरवलं आहे. देशाच्या बहुतेक भागासाठी तिची संदर्भ तारीख 1 मार्च 2027 आहे.

वाचक, जयसिंगपूर
शब्दावरून निघालंच आहे तर 'जात' या रकान्यात लोक काय सांगतात तेही बघा. आमच्या भागात एकाच गल्लीत तीन पाटील असतात. एक मराठा, एक लिंगायत, एक जैन. पाटीलकी हे वतन होतं, जात नव्हे. जैनांत विचारलं तर कोणी 'जैन' म्हणेल, कोणी 'चतुर्थ', कोणी 'पंचम' अशी पोटजात सांगेल. कोणी नुसतं 'शेतकरी' म्हणून मोकळं होईल. धर्म, जात, पोटजात, धंदा, आडनाव, सगळं एकाच रकान्यात!

2011 च्या सामाजिक-आर्थिक व जात सर्वेक्षणात हेच झालं. जातींची पक्की यादी हाताशी नव्हती, सांगितलं ते उतरवून घेतलं. 1931 ला 4,147 जाती होत्या, 2011 ला 46 लाखांहून जास्त नावं निघाली, असं केंद्राने 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं. एकट्या महाराष्ट्रात 4,28,677. पुढे स्थानिक निवडणुकांतल्या ओबीसी आरक्षणासाठी बांठिया आयोगाने मतदारयाद्यांतल्या आडनावांवरून अंदाज बांधला आणि प्रमाण 37 टक्के सांगितलं. ओबीसी नेत्यांनी त्यावर हरकत घेतली. पाटील आडनावावरून तुम्ही काय ओळखणार? या वेळी प्रगणकाच्या हातात यादी हवी, त्यात पोटजाती आणि नावाची निरनिराळी रूपं एका संकेतांकाखाली हवीत. त्यावर आत्ताच बोलायला हवं.

विद्यार्थिनी, राजारामपुरी
सर्वांचे आभार. पण सर, शाहू महाराजांच्या कोल्हापुरात राहून विचारते. जात लिहून घेत राहिलो तर ती जाणार कशी?

निवृत्त शिक्षक, मंगळवार पेठ
बाळ, प्रश्न रास्त आहे, आणि तो मनापासून विचारणारी माणसं दोन्ही बाजूंना आहेत. माझं उत्तर दसरा चौकाच्या आसपास सापडतं. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत, मराठा. महाराजांनी वसतिगृहं समाजांच्या नावाने उभी करू दिली, कारण कोणाची पोरं शाळेबाहेर आहेत ते दिसत होतं. 26 जुलै 1902 च्या हुकुमात संस्थानाच्या नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना राखल्या. त्यात मागासलेले कोण, हे सांगताना ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग वगळून बाकीचे, असं म्हटलं. म्हणजे पुढारलेल्यांची नावंही स्पष्ट घेतली. पुढे 1951 पासून आपण ते सोडलं. काहींचीच मोजणी झाली, बाकीच्यांना जणू जातच नाही असं धरलं. जातनिहाय म्हणायचं तर सगळ्यांची झाली पाहिजे.

विद्यार्थिनी, राजारामपुरी
मग आमच्याकडे प्रगणक आले तर घरचे 'ओपन' म्हणतील. आम्ही नेहमी तेच म्हणतो.

वकील, गडहिंग्लज
'खुला' ही जात नाही, ताई. खुल्या जागेवर गुणवत्तेने कोणीही येऊ शकतं, अनुसूचित जातीचा उमेदवारसुद्धा. प्रवर्ग वेगळा, जात वेगळी. रकाना जातीचा असेल तर जातीचं नाव सांगायचं, दाखल्यावर आहे तसंच, आणि प्रगणकाने काय लिहिलं ते वाचून घ्यायचं.