पहिला शिंपला कोणता? ‘क्रोशिया लहान राहतो, म्हणून तोच घ्या’ या सल्ल्याला उत्तर

खारे_पाणी:
परवा येथे, म्हणजे खाऱ्या पाण्याचे टँक पाळणाऱ्यांच्या या गटात, एका नवोदिताला सल्ला मिळाला, की क्रोशिया जातीचा महाशिंपला जेमतेम १५ सेंटिमीटर वाढतो आणि रंगाने देखणा असतो, म्हणून पहिला शिंपला तोच घ्यावा, आणि तोही तीन सेंटिमीटरचा, म्हणजे मेलाच तर नुकसान थोडके होईल. ते वाचून मला राहवले नाही. क्रोशिया उथळ पाण्यात, खडकात स्वतःला कोरून घेऊन राहतो. त्याला टँकमधला सर्वांत प्रखर प्रकाश लागतो आणि तो खडकाला इतका घट्ट धरतो, की ओढून काढताना तळाशी धागे तयार करणारी ग्रंथी फाटली तर तो बहुधा वाचत नाही. डेरासा या दुसऱ्या जातीचा शिंपला त्यापेक्षा कमी प्रकाशात तग धरतो, थोडा मोठा झाला की वाळूवर नुसता ठेवला तरी चालतो आणि संवर्धन केंद्रात वाढवलेला मिळतो. टँक वर्षभर स्थिरावू द्यावा आणि मग सात-आठ सेंटिमीटरचा डेरासा घ्यावा, असे माझे ठाम मत आहे.

प्रवाळछंदी:
तो सल्ला माझा होता. आपण डेरासाची एवढी शिफारस केलीत, पण तो ५०-६० सेंटिमीटरपर्यंत वाढतो हे एका शब्दानेही सांगितले नाहीत. शंभर लिटरच्या टँकमध्ये तो मावणार कुठे? शिवाय तो झपाट्याने वाढत असल्यामुळे पाण्यातले कॅल्शियम आणि केएच (पाण्याची क्षारता) रोज खाली जातात, आणि ज्याला आठवड्यातून एकदा चाचणी करण्याचीही सवय लागलेली नाही, त्याच्यावर हा भार टाकणे मला पटत नाही. माझा क्रोशिया दिव्याखाली अगदी वर, त्याच दगडावर, चार वर्षे आहे.

निळी_कड:
जात कोणती यावर आपण दोघे भांडता आहात, पण खायला काय घालायचे हे कोणीच बोलत नाही. माझा मॅक्सिमा जातीचा चार सेंटिमीटरचा शिंपला पाण्याचे सर्व आकडे बरोबर असताना दोन महिन्यांत गेला, कारण मी त्याला वनस्पती-प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म शैवाल) घातले नव्हते. लहान शिंपल्याला रोज प्लवक हवेच.

खारे_पाणी:
ताई, हाच समज प्लवकाच्या बाटल्या विकणाऱ्यांनी पसरवला आहे आणि त्यापायी किती टँक हिरवे झाले आहेत! शिंपल्याच्या मँटलमध्ये (कवचातून बाहेर पसरणाऱ्या रंगीत मांसल पडद्यात) सहजीवी शैवाल असते आणि त्याचे बहुतेक अन्न प्रकाशातून तेच बनवते. संवर्धन केंद्रांत अळीच्या अवस्थेनंतर पिल्लांना उन्हात ठेवतात आणि पाण्यात नायट्रोजन घालतात. तेथे बाटलीतले प्लवक ओतत बसत नाहीत.

निळी_कड:
त्या हौदांतून समुद्राचे पाणी वाहत असते आणि त्यात प्लवक असतेच, हे आपण सोयीस्करपणे वगळलेत. शिंपला पाणी गाळून खातो हेही खरे आहे. माझ्या डोळ्यांदेखत मेलेल्या जिवाला आपण बाटलीवाल्यांची जाहिरात ठरवू नये.

वाळूतळ:
माझा अनुभव या वादात उपयोगी पडेल. मी नायट्रेट (माशांच्या मलमूत्रापासून पाण्यात साचणारा नायट्रोजनयुक्त क्षार) शून्यावर आणण्याचा अभिमान बाळगत होतो आणि त्याच टँकमध्ये माझे दोन शिंपले फिके पडत गेले. मी प्लवक घालत होतो, तरीही गेले. तिसऱ्या वेळी मी स्किमर (फेसाबरोबर पाण्यातला मळ काढणारे यंत्र) मंदावला, मासे वाढवले, नायट्रेट पाचच्या आसपास राहू दिले, आणि तो डेरासा आजही मँटल पसरून बसतो. शिंपला विरघळलेला नायट्रोजन पाण्यातून थेट घेतो. तोच आपण काढून टाकला तर शैवालाला पोसणार कशावर? मात्र निळी_कड यांच्या मॅक्सिमाच्या कवचावर तांदळाच्या दाण्यासारख्या बारीक पांढऱ्या गोगलगायी होत्या का, हेही विचारावेसे वाटते. त्या रात्री बाहेर येऊन शिंपल्याचे रस शोषतात आणि लहान शिंपल्याला मारायला त्या पुरेशा असतात.

निळी_कड:
रात्री मी पाहिले नव्हते. नायट्रेट शून्यच होते, हे मात्र मान्य करते.

प्रवाळछंदी:
माझ्या एका वाक्याबद्दल मलाही बोलले पाहिजे. ‘नुकसान थोडके’ असे मी लिहायला नको होते. महाशिंपल्यांच्या सर्व जाती १९८५ पासून साइट्स या वन्य जिवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि त्यांना प्रयोगाचा माल समजणे चूक आहे. तीन सेंटिमीटरचा घेऊ नये, एवढे आपले म्हणणे मी स्वीकारतो. परंतु लहान टँकवाल्याला डेरासा सांगणे मला आजही अयोग्य वाटते.

खारे_पाणी:
डेरासाच्या आकाराचा उल्लेख करायला हवा होता, ही माझी चूक झाली. शंभर लिटरवाल्याला मी डेरासा सांगणार नाही. पण क्रोशियाही सांगणार नाही. मोठा टँक होईपर्यंत त्याने शिंपलाच घेऊ नये.

निळी_कड:
मी पुढच्या आठवड्यात स्क्वामोसा जातीचा आठ सेंटिमीटरचा शिंपला आणते आहे. टँक साडेचारशे लिटरचा आहे. पहिले तीन महिने प्लवक घालणार नाही, नायट्रेट पाचवर ठेवीन आणि कवचाच्या काठावर नवी पांढरी वाढ दिसते का ते दर रविवारी मोजून येथे लिहीन. वाढ दिसली नाही, तर बाटली पुन्हा उघडेन आणि त्या वेळी कोणाचे ऐकणार नाही.