प्रतिसाद: आइसबोर्नमध्ये अडखळणाऱ्यांसाठी बॅरिओथविषयी थोडे

गार्डियन आर्मर आणि डिफेंडर शस्त्रे (खेळात आयती मिळणारी, फार बळकट साधने) वापरून 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' या राक्षसी प्राण्यांच्या शिकारीच्या व्हिडिओ गेमची मूळ कथा भराभर संपवावी आणि मग आइसबोर्न या त्याच्या विस्ताराला हात घालावा, हा या चर्चेत आधी दिलेला सल्ला मला अर्धाच पटतो. मूळ कथा संपल्याशिवाय हा विस्तार खुला होत नाही, त्यामुळे वेळ वाचतो हे खरे. पण त्या शस्त्रांपुढे प्राणी इतक्या लवकर कोसळतात की त्यांच्या हल्ल्यांची लय अंगवळणी पडतच नाही, आणि मास्टर रँकमध्ये (आइसबोर्नच्या अधिक अवघड पातळीत) नेमकी तीच उणीव नडते.

चर्चेत न आलेला मुद्दा बॅरिओथ या आइसबोर्नमधल्या बर्फाळ प्रदेशातल्या प्राण्याचा आहे, कारण अनेक नवखे खेळाडू तिथेच अडतात. त्याच्या पुढच्या पायांवर काटे असतात आणि त्यांच्याच आधाराने तो बर्फावर झेपावतो व झटकन वळतो. म्हणून केवळ डोक्यावर वार करत राहण्यापेक्षा क्लच क्लॉने (प्राण्याला लटकू देणाऱ्या आकड्याने) पुढच्या पायाला चिकटून तो भाग आधी कमकुवत करावा (ग्रेट सोर्डसारख्या जड शस्त्राला एक हल्ला पुरतो, ड्युअल ब्लेड्ससारख्या हलक्या शस्त्राला दोन लागतात) आणि मग दोन्ही पाय फोडावेत. त्यानंतर झेप घेऊन उतरताना तो चक्क घसरतो, आणि तेवढ्यात पोशन पिण्याची किंवा एखादा भारी वार बसवण्याची उसंत मिळते. आग त्याला सर्वाधिक लागते, त्यामुळे अँजनाथ या आग ओकणाऱ्या प्राण्याच्या साहित्यातून केलेले शस्त्र इथे फार उपयोगी पडते. स्लिंगरने (हातावरच्या गोफणीने) त्याला भिंतीवर आपटायचे असेल, तर तो चवताळण्यापूर्वीच आपटावे. चवताळलेल्या प्राण्यावर ती युक्ती चालत नाही.